कचरू सटवा यांचा पुकारा

सत्यशीलेला बसता येत नाही, असं तिच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका म्हणायच्या, आणि ते काही खोटं नव्हतं. जिनं बावीस वर्षं खुर्चीत बसून लोकांचे ट्रंक कॉल जोडले, तिला खुर्चीत बसणं जमू नये, हा विनोदच होता. पण होतं ते असं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती उभ्यानं डबा खायची. दहा मिनिटांत बस आली नाही की पुढच्या स्टॉपपर्यंत चालत निघायची, आणि दोन स्टॉपांच्या मधे असतानाच बस तिच्या शेजारून भुर्रकन निघून जायची. तरी दुसऱ्या दिवशी परत तेच.

आणि या बाईचे वडील जन्माचे स्वस्थ. आबांना एकदा खाटेवर बसवलं की चहा येईपर्यंत हलणार नाहीत, आणि चहा आला नाही तरी विचारणार नाहीत. नवरा वारल्यापासून सत्यशीला आणि तिची मुलगी पूर्वा येरवड्यात आबांच्याच घरी राहत होत्या. आबांचं नाव आनंद ओव्हाळ. खडकीच्या कारखान्यात हमालीला लागले आणि स्टोअरकीपर होऊन निवृत्त झाले. पण वस्तीत त्यांची ओळख कारखान्याची नव्हती. तीस वर्षं त्यांनी विहाराच्या ओट्यावर मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवलं. ते स्वतः बत्तिसाव्या वर्षी पाटी घेऊन बसलेले. त्यांच्या वर्गाचा नियम एकच होता: इथून जो बाहेर पडेल, त्यानं आयुष्यात कुठेही अंगठा उठवायचा नाही. रेशनच्या दुकानात नाही, बँकेत नाही, पगाराच्या कागदावर तर नाहीच. एकदा राधाबाई नावाच्या म्हातारीनं घाईत कुठल्याशा अर्जावर अंगठा दिला, तर आबा तिच्याशी महिनाभर बोलले नव्हते.

सन नव्याण्णवच्या जानेवारीत एक्स्चेंजमध्ये सत्यशीलेला फोन आला. पलीकडून खरखरीत म्हातारा आवाज.

"कोण, कचरूची पोरगी का?"

"या नावाचं आमच्यात कोणी नाही," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला.

तिला माहीत नव्हतं असं नाही. छप्पन सालापर्यंत तिचे वडील कचरू होते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि घरात कोणीही ते कधी बोललं नव्हतं. दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी आनंद हे नाव घेतलं आणि जुन्या नावाला ओ देणं बंद केलं. जुन्या ओळखीचा कोणी रस्त्यात 'ए कचरू' म्हणाला तर आबा वळूनही बघत नसत. बहिरे झालेत असा एकदोघांचा समजही झाला होता. लेकीनंही तेच अंगात भिनवून घेतलं होतं. ते नाव ऐकू आलं की तिच्या कपाळाची शीर उठायची.

पाच मिनिटांनी परत घंटी वाजली. या वेळी म्हातारा जपून बोलला.

"आनंदरावांची पोरगी बोलतीया का? मी बापूराव. गावाकडनं. ठिवू नका बाई फोन, बूथवाल्याचं मीटर पळतंया. तुमच्या रानाची नोटीस लागलीया चावडीवर. आयटी का काय त्याच्यासाठी सरकार घेतंय समदं. माझंबी गेलंय. बारा तारखेला बोलावलंय."

गाव म्हणजे आता गाव राहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ते महापालिकेत आलं, नगर रस्त्याच्या कडेनं काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या, आणि ज्यांच्या जमिनी खुल्या होत्या त्यांनी बिल्डरांना विकून मोटारी घेतल्या. ओव्हाळांचे अठ्ठेचाळीस गुंठे तसे विकता येत नव्हते. वतनाची जमीन. सरकारच्या परवानगीशिवाय हात लावायची सोय नाही. आबांच्या बापजाद्यांनी गावकी केली, सरकारी थैल्या डोक्यावरून वाहिल्या, त्याबद्दल मिळालेला तुकडा. तो पडून होता. आता तो सरकारलाच हवा होता.

नोटीस होती कचरू सटवा ओव्हाळ यांच्या नावानं. कारण सातबाऱ्यावर मालक म्हणून तेच नाव होतं. बापाच्या मागे बावन्न साली वारस म्हणून लागलेलं, ते तिथेच राहिलं.

"चाळीस वर्षांत बदलून का नाही घेतलंत आबा?" संध्याकाळी सत्यशीलेनं विचारलं. ती स्वयंपाकघर ते दार अशा फेऱ्या घालत होती.

"बदलायचं तर अर्ज करावा लागतो."

"मग?"

"अर्जावर वर लिहावं लागतं, 'अर्जदार कचरू सटवा'. खाली सही करावी लागते." आबांनी बशीतला चहा संपवला. "मी नाही केली."

सत्यशीलेला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना. सगळ्या वस्तीचे अर्ज लिहून देणाऱ्या माणसानं स्वतःचा एक अर्ज चाळीस वर्षं लिहिला नव्हता, आणि कारण काय, तर तो लिहिण्यापुरतं का होईना कचरू व्हावं लागलं असतं! पूर्वा तेव्हा कॉम्प्युटरचा कोर्स करत होती. ती म्हणाली, "सिम्पल आहे ना आजोबा, जस्ट एकदा 'मीच तो' म्हणायचं. टू मिनिट्सचं काम." आबांनी नातीकडे बघितलं आणि बशी पालथी घातली.

बारा तारखेला भूसंपादनाच्या ऑफिसात सत्यशीला आबांना घेऊन दहालाच हजर झाली. जुनी दगडी इमारत, व्हरांड्यात लाकडी बाक, बाकावर गावची पंधरा-वीस माणसं. आबा बाकावर बसले. सत्यशीला दहा मिनिटं उभी राहिली, मग तिच्या मनानं घेतलं की सातबाऱ्याची एक प्रत कमी पडेल. ती खाली झेरॉक्सला गेली. तिथे रांग. रांगेत तिला आठवलं की अर्जाला कोर्ट फीचं तिकीट लागेल, म्हणून ती रस्ता ओलांडून तिकीटवाल्याकडे गेली. धापा टाकत वर आली तेव्हा व्हरांडा निम्मा रिकामा झाला होता आणि आबा होते तिथेच, मांडीवर हात ठेवून.

"आपला पुकारा झाला का?"

"माझा नाही झाला," आबा म्हणाले.

शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "कचरू सटवा? तीनदा ओरडलो की बाई. घसा बसला. गैरहजर लागलं."

सत्यशीला आत गेली, साहेबांसमोर हातापाया पडायचीच बाकी राहिली. भूसंपादन अधिकारी मध्यमवयाचे, चष्मा नाकावर, आवाज कोरडा. "अहो बाई, सरकार एखाद्याला किती वेळा हाक मारणार? आम्ही काही त्यांचे नातेवाईक नाही." शेरा मारून झाला होता.

परत येताना ती बसमध्येही बसली नाही. जागा असून दांडी धरून उभी राहिली आणि खाली बसलेल्या आबांकडे बघत राहिली. तिला त्यांचा इतका राग आला होता की आपण बापावर ओरडू म्हणून ती ओठ चावत होती. आणि त्याहून जास्त राग स्वतःचा आला होता. ती झेरॉक्सला गेली नसती तर? एक कागद कमी पडला असता तर आभाळ कोसळणार होतं का?

घरी आल्यावर मात्र ती ओरडलीच.

"तीन हाका मारल्या आबा! तुम्हाला ऐकू आल्या की नाही?"

"आल्या."

"मग?"

"कचरू छप्पन साली मेला."

"मेला तर मेला! मग त्याच्या जमिनीचा मोबदला सरकार तुम्हाला कशाला देईल?"

मग आबा जे बोलले, ते त्यांनी आधी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

"ती जमीन आपल्याला कशाबद्दल मिळाली होती ते तुला माहीत आहे? हाकेला ओ देण्याबद्दल. पाटलाच्या ओट्यावरून हाक आली, 'ए कचऱ्या', की ताटावरून उठायचं. साऱ्याची थैली डोक्यावर घ्यायची आणि पुण्याच्या कचेरीपर्यंत चालत यायचं. कचेरीत आत जायचं नाही. बाहेर उन्हात बसायचं. आतून शिपाई ओरडला, 'कचऱ्या', की धावत जाऊन उंबऱ्याशी थैली ठेवायची. मी अठरा वर्षांचा होतो. आज मी बाकावर बसलो होतो, बाई. सावलीत. आणि आतून शिपाई ओरडला. माझे पाय उठायला लागले होते. माझेच पाय. मी हातानं दाबून धरले."

सत्यशीलेला तेव्हा रडू आलं. पण रडत बसणंही तिला जमेना. ती मोरीवर जाऊन भांडी घासायला लागली, घासलेलीच.

निवाडा जाहीर झाला. एका गुंठ्याला जो भाव धरला होता, त्यात रस्त्यापलीकडच्या इमारतीत एक मोटार उभी करायची जागा आली नसती. भाव वाढवून मिळण्यासाठी कोर्टाकडे जायचं तर मालकानं त्याच ऑफिसात हरकतीचा अर्ज द्यायचा होता. मुदत सहा आठवडे. ती टळली की मिळेल ते गोड मानायचं. आणि मालक म्हणजे कचरू सटवा. आपणच ते, हे पटवल्याशिवाय आनंद ओव्हाळांचा अर्ज कोणी हातात घेणार नव्हतं.

त्या सहा आठवड्यांत सत्यशीलेनं चपलांचे दोन जोड झिजवले. तलाठ्याकडे गेली, तो म्हणाला सर्कलकडे जा. सर्कल म्हणाला नाव बदलल्याचं गॅझेट आणा. छप्पन साली लाखो माणसांनी एका दिवसात आपली आयुष्यं बदलली, त्यातला कोण गॅझेट छापायला गेला होता? वकिलानं प्रतिज्ञापत्र टाइप करून दिलं, 'दोन्ही नावे माझीच आहेत'. आबांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून परत दिलं आणि सही केली नाही. शाळेचा दाखला? ज्याला शाळेत बसूच दिलं नाही त्याचा दाखला कुठून आणणार? रोज रात्री आडवी झाली की तिच्या डोक्यात उरलेले आठवडे मोजणं सुरू व्हायचं आणि ती उठून पाणी प्यायची. पूर्वा म्हणायची, "आई, तू अशी रेस्टलेस झालीस ना की मला टेन्शन येतं." मुदत कोणालाच दिसत नव्हती का, की एकट्या तिच्याच मानेवर बसली होती?

शेवटी वकिलानंच सांगितलं, कागद नसेल तर जुना माणूस आणा. कचरूला लहानपणापासून ओळखणारा, गावातला, जिवंत.

असा माणूस एकच उरला होता. बापूराव. ज्याच्या ओट्यावरून हाका यायच्या, त्या पाटलाचा मुलगा.

सत्यशीला गावात गेली तेव्हा बापूराव गोठ्यापाशी बसले होते. गोठ्यात जनावर नव्हतं. त्यांचीही जमीन गेली होती, आणि निवाड्याचा कागद त्यांनी बंडीच्या खिशात घडी करून ठेवला होता. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला. मग म्हणाला, "येतो. बसा की बाई, च्या घ्या." ती बसली नाही. चहा मात्र उभ्यानं घेतला. तो घरातल्या माणसांच्याच कपातून आला होता, हे मन नको म्हणत असतानाही तिनं बघून घेतलं.

"बापूराव साक्षीला येणार आहेत," तिनं आबांना सांगितलं.

"येऊ दे. मीही येतो," आबा म्हणाले. "पण ओ देणार नाही, आधीच सांगतो."

मुदतीचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. सत्यशीलेनं तीन प्रती आदल्या दिवशीच काढल्या, तिकिटं चार घेतली, टाचण्या, गोंद, दोन पेनं पिशवीत भरली. त्या दिवशी काहीही झालं तरी बाकावरून हलायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. ती आबांच्या शेजारी बसली. पलीकडे बापूराव. अकरा वाजले, बारा वाजले. तिचे पाय आपोआप हलत होते, मांडीवरची पिशवी थरथरत होती. एकदा तिला वाटलं, अर्जाचं पहिलं पान आपण उलटं तर लावलं नाही? तिनं ते काढून बघितलं नाही. बसून राहणं इतकं अवघड असतं, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि आबांनी मागच्या वेळी काय केलं असेल तेही थोडं कळलं.

"कचरू सटवा ओव्हाळ!"

आबा हलले नाहीत.

"कचरू सटवा ओव्हाळ हजर आहेत का?"

सत्यशीला ताडकन उठली. "हजर आहेत! आलो!" तिनं आबांच्या दंडाला धरून उठवलं. ते उठले, पण ओठ मिटलेलेच होते.

साहेबांनी चष्म्यावरून तिघांकडे बघितलं. "कचरू कोण?"

पंखा तेवढा करकरत होता.

"साक्षीदार कोण आहे? तुम्ही? नाव सांगा. ह्यांना ओळखता?"

बापूराव पुढे झाले. पागोटं सरळ केलं. "वळखतो की. लहानपणापास्नं. ह्ये आनंदराव हायेत. आनंदराव ओव्हाळ."

टेबलाच्या बाजूला बसलेला कारकून हसला. साहेब खुर्चीत मागे टेकले. "वा. म्हणजे अर्जदाराचा साक्षीदारच सांगतोय की हे कचरू नाहीत. पंचवीस वर्षांत असा साक्षीदार पहिलाच. आजोबा, मी आनंदरावांबद्दल विचारलेलं नाही. कचरू कोण?"

बापूराव वळून आबांकडे बघू लागले. परवानगी मागितल्यासारखे. आबांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"तेच हायेत सायेब," म्हातारा खालच्या आवाजात म्हणाला. "पर मी आता तसं म्हणत नाय. ह्यांच्या लेकीनं फोन आपटला माझ्यावर, ते बरंच केलं. लई वर्षं म्हणलो मी त्या नावानं. वराडून म्हणलो. बापाच्या ओट्यावर बसून. मला तेवा मिसरूड फुटलं नव्हतं आन् ह्ये माझ्यापरीस थोरले."

"ते राहू द्या. हेच कचरू, हे तुम्ही कशावरून सांगता?"

"माझी आई सांगायची. ह्यांच्या म्हातारीची तीन पोरं गेली व्हती. ह्ये चौथे. झाल्या झाल्या उकिरड्यावर नेऊन ठिवलं आन् पुन्यांदा उचलून आणलं, टाकलेलं पोर म्हणून. मरणाची नजर पडू नये. म्हणून ते नाव. आख्ख्या गावात त्या नावाचा दुसरा नाय, आन् उजव्या कानामागं भाजल्याचा डाग हाय, उकिरड्यावरचा इस्तू लागलेला. बघा."

सत्यशीलेनं तो डाग हजारदा बघितला होता. लहानपणी आबांच्या खांद्यावर बसून त्यावर बोटही फिरवलं होतं. तो कशाचा, हे तिनं कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

साहेब उठून बघायला आले नाहीत. त्यांनी फक्त पेन उचललं आणि बापूरावांचा जबाब लिहून घेतला. मग आबांना म्हणाले, आवाज जरा कमी कोरडा होता, "तुमचं काही म्हणणं?"

आबांनी घसा साफ केला. "आईनं ठेवलेलं नाव होतं," ते म्हणाले. "तिनं चांगल्या मनानं ठेवलं. घाण गावानं केली." मग टेबलाशी सरकून, "आणा अर्ज."

सत्यशीलेनं अर्ज पुढे ठेवला. 'वरील भाव मान्य नाही, कोर्टाकडे पाठवावे.' खाली सहीची जागा. तिनं पेन उघडून दिलं.

आबांनी पेन घेतलं नाही. कारकुनाच्या टेबलावर शाईचा पॅड होता. तो त्यांनी स्वतःकडे ओढला.

"आबा, नको," ती म्हणाली. "आबा, तुम्ही..."

"अहो आजोबा, खिशाला पेन आहे तुमच्या," कारकून म्हणाला. "सही येत असेल तर सही करा. अंगठा कशाला?"

"सही आनंदची आहे," आबा म्हणाले. "कचरूला लिहायला कोणी शिकवलं नव्हतं."

त्यांनी डावा अंगठा शाईत दाबला आणि मग कागदावर, सावकाश, कडेपर्यंत नीट उमटेल असा ठेवला. पाटी हातात घेतल्यापासून बेचाळीस वर्षांनी. साहेबांनी मान खाली घातली होती.

"अंगठ्याशेजारी नाव लिहावं लागतं," कारकून हळू म्हणाला. "ज्याला लिहिता येतं अशा कोणीतरी."

आबांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढलं आणि लेकीच्या हातात दिलं. "तू लिही. तुला मी शिकवलंय."

सहा आठवडे पायाला भिंगरी लावून फिरलेली सत्यशीला तिथे थांबली. मग ती साहेबांच्या समोरच्या खुर्चीत, कोणी न सांगता, बसली. अक्षर वाकडं येऊ नये म्हणून तिनं कागद दोन्ही हातांनी सरळ केला, आणि जे नाव तिनं जन्मात उच्चारलं नव्हतं ते पहिल्यांदा लिहिलं, ठळक, आबांना आवडायचं तसं गोलाकार. कचरू सटवा ओव्हाळ. खाली लिहिलं, मुलीच्या हस्ते, सत्यशीला.

कारकुनानं शिक्का मारला, नंबर टाकला आणि पोच दिली. तिघं बाहेर व्हरांड्यात आले. भाव काय ठरेल ते कोर्ट सांगणार होतं, आणि कोर्ट कधी सांगेल ते कोणीच सांगणार नव्हतं. शिपायानं दारातून पुढचं नाव पुकारलं. ते बापूरावांचं होतं, आणि म्हातारा "हजर" म्हणून पुढे झाला. सत्यशीलेनं पिशवीतून रुमाल काढून आबांपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. वाळेपर्यंत ते निळा अंगठा हवेत धरून बाकावर बसून राहिले, आणि ती त्यांच्या शेजारी बसून राहिली.